सरकारी कामात अडकलेले पैसे: पुण्यातल्या ठेकेदाराने क्लेम कसा उभा करावा आणि कुठे न्यावा

पुण्यात सरकारी कामं करणाऱ्या लहान-मध्यम ठेकेदारांचे पैसे अडकण्याची कारणं जवळपास ठरलेली आहेत. जागा ताब्यात मिळत नाही, महावितरणची केबल हलत नाही, दोन फूट मुरमाखाली काळा पाषाण लागतो, साहेब तोंडी जादा काम सांगतात, बिल ‘निधी नाही’ म्हणून पडून राहतं. यातल्या प्रत्येक बाबतीत करार आणि कायदा ठेकेदाराला काही ना काही देतोच. तरीही क्लेम पडतात, कारण ज्या आठवड्यात पत्र द्यायला हवं होतं त्या आठवड्यात ते दिलेलं नसतं. ‘डेप्युटी साहेब (उपअभियंता) नाराज होतील’ ही भीती खोटी नाही, पुढचं बिल त्यांच्याच सहीने निघायचं असतं. पण त्या भीतीपोटी न दिलेल्या पत्राची किंमत शेवटी लाखांत जाते. म्हणून या लेखाचा मोठा भाग काम चालू असतानाच्या कागदांवर आहे. कोर्ट नंतर येतं.

पहिली पायरी: करार कुणाशी आणि कोणत्या नमुन्यात

सेंट्रल बिल्डिंगमधून चालणारा सार्वजनिक बांधकाम विभाग, सिंचन भवनातला जलसंपदा विभाग, जिल्हा परिषद, पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, पीएमआरडीए, लष्कराची बांधकामं पाहणारी एमईएस, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण हे सगळे आपल्याला ‘सरकारी काम’ वाटतात. पण प्रत्येकाचा करार वेगळा आणि म्हणून दाद मागण्याचा रस्ताही वेगळा.

राज्य सरकारच्या खात्यांत बहुतेक काम बी-१ किंवा बी-२ नमुन्यात असतं. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकावर टक्केवारीने दर, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर. या नमुन्यांतलं कलम ३० नीट वाचा. त्यात वादावर अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असल्याचं लिहिलेलं असतं. अनेक ठेकेदार यालाच लवाद (कोर्टाबाहेर तटस्थ व्यक्तीकडून होणारा निवाडा) समजतात. तो लवाद नाही. कर्नाटकातल्या अशाच प्रकारच्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पी. दशरथराम रेड्डी प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि कलम ३० बद्दल मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका त्याच्या कितीतरी आधीपासून तशीच आहे. म्हणजे बी-१च्या वादाचा शेवट दिवाणी दाव्यात होतो. एमईएसच्या करारात कलम ७०, रेल्वेत कलम ६४ आणि केंद्रीय बांधकाम खात्यात कलम २५ लवादाचं आहे. तिथे मार्ग वेगळा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कराराचा पूर्ण, सही-शिक्क्याचा संच आजच मिळवा: निविदा, शुद्धिपत्रकं, निविदापूर्व बैठकीतली उत्तरं, स्वीकृतीपत्र, नकाशे, दरपृथक्करण, वर्क ऑर्डर. कार्यालयाने प्रत दिली नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुढे मोजमाप पुस्तिका आणि फाईलवरच्या टिपण्या काढायलाही हाच अर्ज कामी येतो. जादा कामाची गरज अभियंत्याने स्वतःच लिहून ठेवलेली अशी टिपणी मिळाली, तर तिच्याइतका मजबूत पुरावा दुसरा नाही.

दुसरी पायरी: खोदायच्या आधी जागेची नोंद

वर्क ऑर्डर मिळाली की पहिल्या आठवड्यात संयुक्त पाहणी मागा आणि तिचा लेखी अहवाल करून शाखा अभियंत्याची सही घ्या. कोणती लांबी मोकळी आहे, कुठे अतिक्रमण आहे, कुठे खांब, जलवाहिनी किंवा झाडं आड येतात, हे साखळी क्रमांकासह (कामाच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरासह) लिहा. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती कोण आणणार हे करारात पाहून ठेवा. कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण भूसंपादनापायी किती वर्षं रखडलं ते पुणेकरांनी पाहिलंच आहे. जागा नसताना निविदा निघू शकते, एवढं त्यातून ध्यानात घ्यायचं.

मूळ जमिनीच्या लेव्हल्स (उंचीची मोजमापं) संयुक्तपणे घेऊन त्यावर दोघांच्या सह्या हव्यातच. पुण्याची जमीन बेसॉल्टची. वरून मऊ दिसणारा भाग खाली कठीण खडकात जातो आणि खोदाईचे वाद सगळे इथूनच सुरू होतात. खडक लागला त्या दिवशी फोटो काढा, थराची खोली लिहा, वर्गीकरणासाठी संयुक्त पाहणी मागा. चर बुजवल्यावर खडक सिद्ध करता येत नाही.

तिसरी पायरी: मुदतवाढ, आणि तिच्यासोबत राखून ठेवायचा हक्क

बी-१च्या कलम ६ प्रमाणे अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा कामाची मुदत संपण्याआधी, यातलं जे आधी येईल त्याच्या आत कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करायचा असतो. बहुतेक ठेकेदार हा अर्ज काम संपताना एकदाच करतात, सगळी कारणं एकत्र बांधून. तसं करू नका. अडथळा आला की त्याचा स्वतंत्र अर्ज द्या. मुदतवाढ मंजूर नसेल तर कलम २ चा दंड डोक्यावर राहतो आणि तो अंदाजपत्रकी किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

पत्र लांबलचक नको, भांडखोरही नको. असं लिहिलं तरी पुरतं:

‘महोदय, साखळी क्रमांक ४०० ते ६५० या लांबीत खासगी मालकांची जागा अद्याप ताब्यात न मिळाल्याने दिनांक … पासून तेथील काम बंद आहे. साइटवर एक पोकलेन, दोन डंपर व बारा मजूर रिकामे आहेत. सदर अडथळा आमच्या नियंत्रणाबाहेरील आहे. तरी करारातील कलम ६ नुसार मुदतवाढ मिळावी. या काळातील खर्च व नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. या आठवड्यात संयुक्त पाहणी व्हावी, ही विनंती.’

यातलं ‘हक्क राखून ठेवत आहोत’ हे वाक्य गाळू नका. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे समोरच्याने वचन उशिरा पाळलं आणि तुम्ही ते निमूट स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना दिलेली असावी लागते. सरकारने जागा वर्षभर उशिरा दिली आणि तुम्ही गुपचूप काम सुरू केलंत, तर हीच अडचण उभी राहते.

मुदतवाढ देताना ‘कोणतीही भरपाई मागणार नाही’ असं हमीपत्र लिहून घेण्याची पद्धत आहे. शक्य असेल तर त्यावर सही करू नका. करावीच लागली, तर त्याच दिवशी वेगळ्या पत्राने कळवा की ही सही मुदतवाढ अडवून घेतलेली आहे. इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. उशिरासाठी फक्त मुदतवाढ मिळेल, पैसे नाहीत, असं कलम तुमच्या करारात असेल तर न्यायालय ते मान्य करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रामनाथ इंटरनॅशनल निकालात ठेकेदाराचा दावा अशाच कलमावर पडला. असं कलम दिसलं तर निविदा भरतानाच दरात त्याची जागा धरा.

काम खात्याने स्वतः थांबवलं असेल तर कलम १५ पाहा. थांबा ९० दिवसांच्या वर गेला, तर ठरलेल्या मुदतीत नोटीस देऊन उरलेल्या कामातून बाहेर पडता येतं. हा हक्क फार कमी लोक वापरतात. रखडलेल्या कामात मशिनरी अडकवून बसण्यापेक्षा कित्येकदा हाच शहाणपणा असतो.

चौथी पायरी: तोंडी हुकूम आणि वाढलेलं परिमाण

‘करून टाका, बिलात घेऊ’ हे वाक्य ऐकल्यावर त्याच संध्याकाळी एक ओळ लिहा: ‘आज साइट भेटीत आपण दिलेल्या सूचनेनुसार अमुक काम सुरू करत आहोत, साइट ऑर्डर बुकमध्ये नोंद व्हावी.’ ईमेल करा, दुसऱ्या दिवशी आवक शिक्क्याची पोच घ्या. व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोन बदलला, चॅट पुसले गेले, तर ते प्रमाणपत्र द्यायचं कशाच्या जोरावर?

निविदेत नसलेली बाब आली की कलम १४ लागू होतं. तिचा दर निविदेत नाही आणि डीएसआरमध्येही (सरकारी दरसूचीतही) नाही, असं असेल तर आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत तुम्ही तुमचा दर पृथक्करणासह कळवायचा असतो. न कळवता काम सुरू केलंत तर अभियंता ठरवेल तो दर पदरात पडतो. ईआयआरएल (जादा बाबींच्या दरांची यादी) मंजूर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. मंजुरीशिवाय ती बाब बिलात चढत नाही.

निविदेतलीच बाब वाढली तर कलम ३८. समजा, कठीण खडकातली खोदाई निविदेत १,००० घनमीटर होती आणि प्रत्यक्षात १,८०० झाली. २५ टक्के वाढीपर्यंत, म्हणजे १,२५० घनमीटरपर्यंत, निविदेचाच दर. उरलेल्या ५५० घनमीटरसाठी चालू डीएसआरवरून नवा दर काढला जातो. मात्र तुम्ही निविदा अंदाजपत्रकापेक्षा २० टक्के कमी दराने (बिलो) भरली असेल, तर तेवढीच कपात त्या दरालाही लागते. डीएसआर वाढलेला असेल तर हा नवा दर बराच चांगला पडतो, म्हणून १२५ टक्क्यांची रेषा कोणत्या तारखेला ओलांडली ते लिहून ठेवा. परिमाण २५ टक्क्यांहून जास्त घटलं असेल तरीही क्लेमला वाव आहे, तो कलम १५ च्या वाटेने जातो.

आणि काम केलंय, खात्याने ते वापरलंयही, पण आदेश कुठेच लेखी नाही, तर? राज्याशी होणारा करार राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने लागतो, त्यामुळे तोंडी करार टिकत नाही. पण करार अधिनियमाचं कलम ७० इथे मदतीला येतं: फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल हा सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल यावरच आहे. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून उभारलेल्या बांधकामाचे पैसे तिथे सरकारला द्यावे लागले. हा शेवटचा आधार आहे, त्याच्या भरवशावर काम घेऊ नये.

पाचवी पायरी: मोजमाप, बिल आणि ती शेवटची सही

मोजमाप पुस्तिकेत सही करताना मोजमाप कमी वाटलं तर तिथेच ‘हरकत राखून’ असं लिहून सही करा आणि आठवड्याच्या आत सविस्तर पत्र द्या. पुस्तिकेच्या पानांचे फोटो ठेवा. आरए बिल (चालू कामाचं बिल) दर महिन्याला लेखी सादर करा, ‘निधी आला की लावू’ म्हणून थांबू नका. बिल सादर केल्याची तारीखच नसेल तर उशीर कधीपासून मोजणार?

२०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर ठेकेदार रस्त्यावर उतरले. आंदोलनाने दबाव येतो, पण व्याजाचा हक्क मिळत नाही. करारात व्याजाची तरतूद नसेल, तर व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ प्रमाणे लेखी मागणी करा आणि ‘या तारखेपासून व्याज मागत आहोत’ असं त्यात स्पष्ट लिहा. अशी नोटीस दिली तर न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातलं तिप्पट बँकदराचं चक्रवाढ व्याज ऐकायला मोठं वाटतं, पण बांधकामाच्या संमिश्र कंत्राटांना तो कायदा लागू नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय आहेत. त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

जीएसटीची एक बाब अजूनही अनेकांच्या हिशेबातून सुटते. १८ जुलै २०२२ पासून बहुतेक सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. त्याआधी निविदा भरली असेल, तर फरकाची मागणी कराराच्या कर-कलमावर बोट ठेवून वेगळी करा. प्रत्येक बिलाच्या वेळी कर कोणत्या दराने भरला त्याची चलनंही जोडा.

अंतिम बिलावर ‘पूर्ण व अंतिम, काहीही येणे नाही’ अशी सही मागतात. इथे घाई करू नका. सर्वोच्च न्यायालयाने आर. एल. कलाथिया विरुद्ध गुजरात सरकार (२०११) प्रकरणात सांगितलं की असं नादेय प्रमाणपत्र दिलं म्हणून खरा क्लेम आपोआप संपत नाही. पण दबावाखाली सही केली हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि ते दाखवणारं पत्र सहीच्या आधी किंवा लगेच नंतरचं हवं. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कुणी मानत नाही.

सहावी पायरी: क्लेम बांधणे

क्लेमच्या प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी लागतात: काय घडलं, करारातलं कोणतं कलम, किती रक्कम, कोणता कागद. यातलं एक नसेल तर तो मुद्दा खाली ठेवा किंवा काढून टाका. फुगवलेला क्लेम सगळ्या क्लेमची पत घालवतो. ८० लाखांचा खरा क्लेम तीन कोटींच्या फाईलमध्ये बुडून गेला, असं या धंद्यात वारंवार होतं.

रिकाम्या मशिनरीचा खर्च मागताना भाड्याची मशिनरी असेल तर पावत्या आणि बँक उतारे, स्वतःची असेल तर घसारा आणि चालकाचा पगार दाखवा. मजुरांसाठी हजेरीपट आणि भविष्य निर्वाह निधीची चलनं. काम मध्येच काढून घेतलं तर उरलेल्या कामावरचा नफा मागता येतो. ब्रिजपाल सिंग विरुद्ध गुजरात सरकार (१९८४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ टक्के धरला होता. मात्र अलीकडे न्यायालयं पुराव्याबद्दल कडक झाली आहेत. २०२३ च्या युनिब्रोस आणि बाटलीबॉय या निकालांत नुसतं सूत्र लावून मागितलेली भरपाई पुराव्याअभावी टिकली नाही. मोकळे असता तर दुसरं कोणतं काम घेतलं असतं, ते का घेता आलं नाही, हे कागदाने दाखवा.

सातवी पायरी: दाद कुठे मागायची

राज्याच्या खात्यात आधी अधीक्षक अभियंत्याकडे कलम ३० खाली लेखी संदर्भ करा. निर्णय विरुद्ध गेला तर मिळाल्यापासून ३० दिवसांत मुख्य अभियंत्याकडे अपील. महापालिकेच्या निविदांत हा अधिकार कोणाकडे आहे ते तुमच्याच करारात पाहा. ‘निर्णय अंतिम’ या शब्दांनी घाबरू नका: करार कुणी मोडला हे एका पक्षाने स्वतःच ठरवायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच रामेश्वर राइस मिल्स प्रकरणात म्हटलं आहे. पण ही पायरी गाळूही नका.

या सगळ्यात मुदतीचं घड्याळ चालू असतं. मुदत अधिनियमाप्रमाणे पैशांच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात आणि केलेल्या कामाच्या किमतीसाठी ती बहुधा काम झाल्यापासून मोजतात, बिल मंजूर झाल्यापासून नाही. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. ती वाढते खात्याने मुदतीच्या आत लेखी, सहीनिशी येणं कबूल केलं तर किंवा काही रक्कम दिली तर. म्हणून शिल्लक येण्याची लेखी पुष्टी मागत राहा आणि अडीच वर्षांच्या आत वकिलाच्या ऑफिसात जा.

राज्य सरकारवर दावा लावायच्या दोन महिने आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते. महापालिकेसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ आहे: एक महिन्याची नोटीस आणि दाव्याला सहा महिन्यांची मुदत. कराराच्या पैशांना ही सहा महिन्यांची मर्यादा लागू होते का, यावर वाद घालता येतो, पण तो वाद अंगावर घ्यायचाच कशाला? महापालिकेने नकार दिला की लगेच वकील गाठा.

तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा बांधकाम कराराचा वाद व्यावसायिक न्यायालयात जातो. पुण्यातल्या कामांसाठी ते शिवाजीनगरला. तातडीचा मनाई आदेश नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. ती न करता लावलेला दावा फेटाळला जातो, हे पाटील ऑटोमेशन निकालाने २०२२ मध्ये पक्कं झालं. मध्यस्थीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. नोटिशीचा आणि मध्यस्थीचा काळ तीन वर्षांच्या मुदतीतून वगळला जातो.

लवादाचं कलम असलेल्या केंद्रीय करारांत लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस देऊन सुरुवात होते. खात्याने एकट्याने लवाद नेमण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला असेल तर तो मान्य करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी करारांतली अशी एकतर्फी नेमणूक बाद ठरवली आहे. आणि निविदा भरताना लवादाचं कलम आहे असं गृहीत धरू नका. जून २०२४ च्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनंतर १० कोटींवरच्या वादांसाठी ते सहसा ठेवलं जात नाही.

काळ्या यादीची नोटीस आली तर

पैशांच्या वादात अनेकदा मध्येच काळ्या यादीची धमकी येते. ही गोष्ट सगळ्यात आधी हाताळा, कारण एका खात्याने नाव टाकलं की बाकीच्या निविदांतही ते उघड करावं लागतं. काळ्या यादीत टाकण्याआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, आणि तीच कारवाई प्रस्तावित आहे हे नोटिशीतून स्पष्ट कळायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने गोरखा सिक्युरिटी (२०१४) प्रकरणात सांगितलं. उत्तराची मुदत सात दिवसांची असो की पंधरा, आधी लेखी मुदतवाढ मागा आणि मुदतीच्या आत प्राथमिक उत्तर तरी द्याच. जागा न मिळाल्याची, बिल थकल्याची सगळी जुनी पत्रं त्याला जोडा. सुनावणीची मागणी त्याच उत्तरात लिहा. नोटीस न देता किंवा उत्तर न वाचता आदेश काढला असेल, तर पुण्यातल्या ठेकेदाराला मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि अशा प्रकरणात अंतरिम स्थगिती मिळण्याची शक्यता नुसत्या पैशांच्या वादापेक्षा पुष्कळ जास्त असते. बँक गॅरंटी वटवण्याचं मात्र वेगळं आहे. फसवणूक किंवा कधीही भरून न येणारं नुकसान दाखवल्याशिवाय न्यायालय ती थांबवत नाही, म्हणून गॅरंटीची मुदत कधी संपते आणि दोषदायित्व कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) कधी पूर्ण होतो, या दोन तारखा वर्क ऑर्डरच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि कालावधी संपला की दुसऱ्याच दिवशी ती परत मागणारं पत्र आवक शिक्क्यासह द्या.